घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत आपणहून द्या: नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायिक प्रशासन,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन,
आणि नाशिक जिल्ह्यातील कौटुंबिक व दिवाणी न्यायालयांचे कामकाज पाहणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २३ चे चौथे पोटकलम दोन ओळींचे आहे. घटस्फोटाचा हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालाचा औपचारिक आदेश) झाला की तो देणाऱ्या न्यायालयाने दोन्ही पक्षांना त्याची एकेक प्रत विनामूल्य द्यायची, एवढेच त्यात म्हटले आहे. ‘मागणी केल्यास’ असे त्यात कुठेही नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ही तरतूद कायद्यात आली आणि विशेष विवाह कायद्याच्या कलम ३४ मध्येही ती तशीच आहे. म्हणजे प्रत देणे हे न्यायालयाचे काम आहे, ती मिळवत फिरणे हे पक्षकाराचे काम नाही.

प्रत्यक्षात काय चालते ते आपल्याला ठाऊक आहे. निकाल लागतो, वकील ‘झालं’ म्हणतात, माणूस घरी जातो. मग काही महिन्यांनी पासपोर्टसाठी, पुन्हा लग्नाच्या नोंदणीसाठी, भविष्य निर्वाह निधीच्या वारसनोंदीसाठी कागद लागतो आणि तेव्हा कळते की हातात काहीच नाही. पुढे नक्कल अर्ज, कोर्ट फी तिकीट, खिडकी, आणि ‘फाइल रेकॉर्डला गेली’ हे उत्तर. मोफत प्रतीचा हक्क आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

आम्ही नाशिक जिल्ह्यात कौटुंबिक दाव्यांचे काम करणारे काही वकील, टंकलेखक आणि विधी स्वयंसेवक आहोत. अर्ज आम्ही लिहितो, नकला आम्ही काढतो आणि कागद अडला की माणूस आमच्याच टेबलापाशी येऊन बसतो. हे पत्र कोणा एका न्यायालयाविरुद्ध किंवा कर्मचाऱ्याविरुद्ध नाही. अपुऱ्या माणसांनिशी ढीगभर दप्तर सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांबद्दल आमच्या मनात आदर आहे. तक्रार पद्धतीबद्दल आहे, आणि ती बदलणे आपल्या हातात आहे.

सर्वात आधी वेळेचा प्रश्न, कारण त्यात माणसाचा हक्क बुडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २० नियम ६-अ प्रमाणे न्यायनिर्णय (कारणांसह लिहिलेला निकाल) दिल्यापासून १५ दिवसांत हुकूमनामा तयार व्हायला हवा. नियम ६-ब प्रमाणे न्यायनिर्णयाची प्रत, शुल्क भरले की, लगेच मिळायला हवी. हे होत नाही तेव्हा सामान्य माणसाला वाटते की उशीर न्यायालयाचा आहे, आपली अपिलाची मुदत कुठे जाते? इथेच तो फसतो. मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार नक्कल मिळवण्यात गेलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात हे खरे. पण त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते की नक्कल अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार करण्यात न्यायालयाचा जो वेळ गेला, तो वगळला जाणार नाही. ‘डिक्री तयार झाली की या’ असे ऐकून जो पक्षकार अर्ज न देताच परत जातो, त्याचा तो सगळा काळ मुदतीत मोजला जातो. म्हणून आम्ही प्रत्येकाला सांगतो: निकालाच्याच दिवशी नक्कल अर्ज द्या, हुकूमनामा तयार नसला तरी द्या. हे सांगणारा एक कागद खिडकीशेजारी चिकटवायला कितीसा खर्च येईल?

प्रमाणित प्रतीच्या शेवटी किंवा पाठीमागे एक शिक्का असतो. त्यात अर्ज दिल्याची, प्रत तयार झाल्याची आणि प्रत दिल्याची अशा तारखा हाताने भरलेल्या असतात. बहुतेक लोक त्याकडे पाहतही नाहीत. अपिलात मात्र पहिल्यांदा त्याच तारखा पाहतात. वगळला जाणारा वेळ प्रत तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच धरला जातो. प्रत तयार होऊन कपाटात पडून राहिली, तर ते दिवस पक्षकाराच्या अंगावर येतात. सुरगाण्याच्या किंवा नांदगावच्या माणसाला प्रत तयार झाल्याचे कळणार कसे? तारखांचे संदेश मोबाइलवर पाठवण्याची सोय ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संगणकीय यंत्रणेत आहे. त्याच यंत्रणेतून ‘आपली प्रत तयार आहे’ एवढा निरोप गेला, तर एसटीची एक फेरी आणि एक खाडा वाचेल. सातपूर-अंबडच्या कारखान्यात रोजंदारीवर असलेल्या माणसाला किंवा छाटणीच्या दिवसांत द्राक्षबागेवर जाणाऱ्या बाईला एक खाडा म्हणजे काय, हे इथे समजावून सांगायची गरज नसावी.

मुदत नक्की किती, यावरही गोंधळ आहे. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ मध्ये ३० दिवस लिहिले आहेत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये ९० दिवस. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालांना ९० दिवसच लागू, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दिला आहे. पुन्हा लग्न करण्याची मोकळीक याच मुदतीवर अवलंबून आहे (हिंदू विवाह कायद्याचे कलम १५), म्हणून हे साध्या मराठीत लिहून लावले पाहिजे. त्यातही परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे वेगळे आहे. कौटुंबिक न्यायालयाने पक्षांच्या संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर कलम १९(२) प्रमाणे अपीलच होत नाही. तरीही ‘९० दिवस झाल्यावर या’ किंवा ‘अपील नसल्याचा दाखला आणा’ असे सांगून लोकांना परत पाठवले जाते. हुकूमनाम्याच्या प्रतीवरच ‘हा संमतीचा हुकूमनामा आहे’ असे ठळक लिहिले, तर पुढच्या कार्यालयाला शंका राहणार नाही.

दुसरी अडचण क्रमांकाची आहे. ती क्षुल्लक दिसते, पण नकलेचे निम्मे घोळ तिथेच होतात, असा आमचा अनुभव आहे. कौटुंबिक न्यायालयात अर्जांना अक्षरे असतात: घटस्फोटाच्या लढतीच्या अर्जाला ‘ए’, मुलांच्या ताब्याच्या अर्जाला ‘डी’, पोटगीच्या अर्जाला ‘ई’, परस्पर संमतीच्या अर्जाला ‘एफ’. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात हाच अर्ज हिंदू विवाह अर्ज म्हणून नोंदला जातो. त्यामुळे एकाच वर्षात ‘ए’ आणि ‘एफ’ यांचा आकडा सारखा असला, तरी ती दोन वेगळ्या जोडप्यांची प्रकरणे असतात. लढत चालू असताना तडजोड झाली आणि ‘ए’ अर्ज संमतीच्या अर्जात बदलला, की त्याला नवा ‘एफ’ क्रमांक पडतो. पक्षकाराच्या डायरीत मात्र जुनाच क्रमांक असतो. तो त्या क्रमांकाने नक्कल मागतो आणि ‘प्रकरण निकाली, हुकूमनामा नाही’ असे ऐकून हादरतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा एकमेव ओळख क्रमांक, असतो. निकालाच्या दिवशी दोन्ही पक्षांना एक चिठ्ठी द्या. तिच्यावर सीएनआर, जुना क्रमांक, नवा क्रमांक, निकालाची तारीख आणि न्यायाधीशांचे पद, एवढ्या पाच गोष्टी लिहा. वीस वर्षांनी नक्कल काढायची वेळ आली तरी ती चिठ्ठी कामाला येईल.

नक्कल कशाची मागायची, हेही कोणी सांगत नाही. हुकूमनामा वेगळा आणि न्यायनिर्णय वेगळा. पुन्हा लग्नाला, पासपोर्टला, वारसनोंदीला हुकूमनामा लागतो. अपिलाला दोन्ही लागतात. संमतीच्या घटस्फोटात पोटगीची एकरकमी रक्कम, मुलांचा ताबा, स्त्रीधन परत करण्याची यादी हे सारे संमतीच्या अटींमध्ये असते. त्या अटी हुकूमनाम्याला जोडलेल्या नसतील तर दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावताना हात रिकामे राहतात. प्रत घेताना अटी जोडल्या आहेत की नाही, प्रत्येक पानावर शिक्का आहे की नाही, हे तिथेच उभे राहून पाहावे लागते. लग्नाच्या नोंदणीचा मूळ दाखला दाव्यात दाखल केला असेल, तर अपिलाची मुदत संपल्यावर आदेश १३ नियम ९ खाली अर्ज देऊन तो परत घ्यावा. कित्येक मूळ दाखले वर्षानुवर्षे दप्तरात पडून आहेत, कारण ते परत मिळतात हेच लोकांना माहीत नाही.

नावांच्या चुकांचे तर विचारूच नका. अर्जात माहेरचे नाव, आधारवर सासरचे, लग्नाच्या दाखल्यात तिसरेच स्पेलिंग. हुकूमनाम्यात लग्नाची तारीख एका वर्षाने चुकली तरी पासपोर्टचा अर्ज अडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली अशी लेखनातली चूक केव्हाही दुरुस्त होते आणि न्यायालय ती स्वतःहूनही करू शकते. पण त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. त्यापेक्षा हुकूमनाम्यावर सही होण्यापूर्वी त्याचा कच्चा मसुदा दोन्ही पक्षांना पाच मिनिटे वाचायला द्या. शीर्षकात दोन्ही नावे ‘ऊर्फ’ लावून घ्या. हे एवढे झाले तर दुरुस्तीचे बहुतेक अर्ज येणारच नाहीत.

आता ज्या विषयावर आमचा जीव सर्वात जास्त तुटतो, त्याबद्दल. या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी, इगतपुरी हे आदिवासी वस्तीचे तालुके आहेत. हिंदू विवाह कायद्याचे कलम २(२) सांगते की केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. तरीही कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल जोडप्यांचे अर्ज कलम १३ किंवा १३-ब खाली दाखल होत राहतात, कारण टायपिंगचा नमुना तोच असतो. जमातीचा मुद्दा समोरच्याने किंवा न्यायालयाने काढला, की अर्ज टिकत नाही. तोवर वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात. या लोकांची फारकत गावात पंचांसमोर रूढीप्रमाणे झालेली असते. ती कायद्याने मानली जाऊ शकते, पण रूढी काय आहे ते अर्जात मांडून पुराव्याने सिद्ध करावे लागते. त्यासाठी योग्य वाट म्हणजे वैवाहिक दर्जाच्या घोषणेचा दावा, म्हणजे फारकत झाली आहे असे न्यायालयाने जाहीर करावे यासाठीचा दावा. कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत तो कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ७ खाली येतो, हद्दीबाहेर दिवाणी न्यायालयात विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ३४ खाली. दोन पंचांची प्रतिज्ञापत्रे, पोलीस पाटलाची साक्ष, फारकतीचा कागद असल्यास तो, आणि देवघेव परत केल्याचा पुरावा, एवढी तयारी लागते. पक्षकार अनुसूचित जमातीचे आहेत का, हे अर्ज स्वीकारतानाच विचारले गेले पाहिजे.

आणि इथेच मोफत प्रतीची तरतूद तोकडी पडते. ती फक्त ‘घटस्फोटाच्या हुकूमनाम्या’पुरती आहे. घोषणेचा हुकूमनामा, विवाह रद्दबातल ठरवणारा हुकूमनामा आणि न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा तिच्या शब्दांत बसत नाहीत. म्हणजे ज्या बाईकडे सर्वात कमी पैसे आहेत आणि जी सर्वात लांबून येते, तिलाच नकलेचे पैसे भरावे लागतात. विधी व न्याय विभागाने यावर शासन आदेश काढावा.

‘नोटरीकडे सोडचिठ्ठी केली’ म्हणून सांगणारे तर शहरातही भेटतात. रूढी सिद्ध होत नसेल तर त्या कागदाने लग्न मोडत नाही. दुसरे लग्न मग अवैध ठरते आणि दुसरी बायको व तिची मुले वर्षानुवर्षे पेन्शनच्या फायलीत अडकतात. मुद्रांकाच्या कागदामुळे लोकांना तो दस्त पक्का वाटतो. किमान मुद्रांक १०० रुपयांवरून २०२४ साली ५०० झाला, पण त्यामुळे त्या सोडचिठ्ठीला काही जास्तीचे बळ आले नाही. उलट ज्या प्रतिज्ञापत्रावर मुद्रांक लागतच नाही, त्यावरही लोक तो लावतात. न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ मध्येच माफ केले आहे. तसेच घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, तो आदेश १ ऑक्टोबर १९९४ चा. बाईकडून फी घेतली गेली तर ती चूक कोण सांगणार?

हद्दीचाही असाच घोळ आहे. अर्जदार बायको असेल तर ती राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करू शकते, ही २००३ ची दुरुस्ती आता बऱ्यापैकी माहीत आहे. पण तिचे गाव कौटुंबिक न्यायालयाच्या हद्दीत येते की तालुक्याच्या वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या, हे तिला सांगणारी गावनिहाय यादी सहज सापडत नाही. चुकीच्या ठिकाणी दाखल केलेला अर्ज योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळतो, पण गेलेला काळ परत मिळत नाही.

दाखल करण्याच्या बाकीच्या पायऱ्यांबद्दल थोडक्यात. संमतीच्या अर्जाला एक वर्ष वेगळे राहणे आणि दुसऱ्या टप्प्यापूर्वी सहा महिने थांबणे कायद्यात आहे. ते सहा महिने माफ होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०१७ रोजी अमरदीप सिंग प्रकरणात सांगितले. माफीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो, तोंडी विनंती पुरत नाही. पोटगी मागायची असेल तर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते (रजनेश विरुद्ध नेहा, ४ नोव्हेंबर २०२०). ते लांबलचक आहे आणि पुष्कळदा इंग्रजीत भरले जाते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असताना, सही करणाऱ्याला वाचता येत नाही असे प्रतिज्ञापत्र घेतले जाऊ नये. मराठी नमुने छापून ठेवा.

एक गोष्ट खिडकीबद्दल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे या प्रकरणांची सुनावणी बंद दालनात होते आणि कामकाज छापायला मनाई आहे. मग नकलेच्या खिडकीवर ‘डिव्होर्सची कॉपी कुणाची?’ असे मोठ्याने विचारून, रांगेतल्या तीस माणसांसमोर बाईचे पूर्ण नाव वाचायचे, हे त्या कलमाशी कसे जुळते? टोकन क्रमांक पुकारा. तिऱ्हाइताने नक्कल मागितली तर त्याचे कारण प्रतिज्ञापत्रावर घ्या आणि न्यायालयाचा आदेश झाल्याशिवाय देऊ नका. माहिती अधिकारातूनही ती देऊ नये. न्यायालयीन कागदांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मिळतील, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी दिलेला आहे.

संगणकापूर्वीच्या प्रकरणांत साल आणि क्रमांक माहीत नसेल तर शोधाचा अर्ज द्यावा लागतो आणि नोंदवही हाताने चाळावी लागते. नोंदवह्यांची पाने झिजत चालली आहेत. निकाली विवाह प्रकरणांच्या नोंदवह्या आणि हुकूमनामे यांचे स्कॅनिंग सर्वात आधी करा. बाकीच्या दप्तराला थांबता येईल, पण कोणाच्या विवाहाचा दर्जा सांगणारा कागद फाटला तर त्याची भरपाई नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. घटस्फोटाच्या प्रत्येक निकालात १५ दिवसांच्या आत हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत दोन्ही पक्षांना अर्जाशिवाय, विनामूल्य द्यावी. ज्याला येता येत नाही त्याला ती नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि दिल्याची पोच फाइलला लावावी. ज्यांना आजवर मोफत प्रत मिळालेली नाही, त्यांना ती एकदा देण्याची मुभा असावी. निकालाच्या दिवशी पाच नोंदींची चिठ्ठी द्यावी आणि हुकूमनाम्याचा मसुदा वाचायला द्यावा. प्रत तयार झाल्याचा संदेश मोबाइलवर जावा. नक्कल अर्ज तालुक्याच्या न्यायालयात देता यावा आणि प्रतही तिथेच घेता यावी. हद्दीची गावनिहाय यादी, मुदतीची माहिती, महिलांची फी माफी आणि अनुसूचित जमातींसाठीची वेगळी वाट, हे चार फलक मराठीत लावावेत. मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, हेही १५१०० या क्रमांकासह त्याच फलकावर असावे.

यांतल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते. ते केव्हा निघेल आणि नाशिक जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी कोण पाहील, याचे लेखी उत्तर मिळावे, अशी आमची मागणी आहे.

आपले,
नाशिक जिल्ह्यात कौटुंबिक दाव्यांचे काम करणारे काही वकील, टंकलेखक व विधी स्वयंसेवक